टाकातली आजी

रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. सध्या निम्मा जिल्हा जुन्या नोंदी हुडकत फिरतोय. कुणाला जातीचा दाखला पाहिजे, कुणाची पडताळणी अडलीय, कुणाच्या मुलीचा प्रवेश. आपल्या पणजोबांच्या नावापुढं काय लिहिलंय ते बघायला लोक भाकरी बांधून येतात आणि जिन्यात बसून खातात. त्या रांगेत मीही उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा खिडकीतल्या बाईनं मान वर न करताच विचारलं, "कुठला दाखला?"

"दाखला नको. आजी हुडकतेय," मी म्हणाले.

तिनं मान वर केली. मागं उभा असलेला एक जण फिसकन हसला.

"अर्जात कारण लिहावं लागतं, मॅडम."

"मग लिहिते की. आजी सापडत नाही."

"असं नाही चालत. 'कौटुंबिक माहितीसाठी' असं लिहा."

लिहिलं. मी स्वतः जन्मभर पोस्टाच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली बाई. 'उद्या या' हे दोन शब्द मी इतक्या मायेनं म्हणू शकते, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या भल्यासाठीच सांगताहेत. त्यामुळं तिनं "पुढच्या सोमवारी या" म्हटल्यावर मला राग आला नाही, उलट ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटलं. राग आला तो पुढच्या सोमवारीही तिनं तेच म्हटल्यावर.

ही सगळी धावपळ अप्पांसाठी होती. अप्पा म्हणजे माझे वडील. वय पंच्याऐंशीच्या पुढचं. भवानी पेठेत त्यांचं सुताचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं विणकरांचं, म्हणून तेलुगू फाडफाड बोलायचे. शेजारचे रंगारी दखनी बोलायचे, म्हणून तीही यायची. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस दुकानदारच राहिला. घरी कुणी आलं की आधी बसायला खुर्ची आणि मग चौकशी. छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात राहून ते घरी आले, त्यानंतरची गोष्ट. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रस्त्याकडं बघत होते. मी निवडायला मेथी घेऊन शेजारी बसले होते. एकदम म्हणाले, "अक्का, माजं सगळं बगून झालं. येकच राह्यलंय."

घरातली थोरली म्हणून मला सगळे अक्का म्हणतात, वडीलसुद्धा.

"काय राहिलंय?"

"माजी आई कुटं हाय ते मला म्हाईत न्हाय."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. आजीला जाऊन तर किती वर्षं झाली होती. पण हे आईबद्दल बोलत होते ते वेगळ्याच बाईबद्दल, हे मला दुसऱ्या क्षणी कळलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात आणि वर समाधी करतात. म्हणजे आमच्यातलं गेलेलं माणूसही कुठंतरी असतं. त्याला पत्ता असतो. पोस्टातल्या बाईला ही पद्धत फार पटते. सणावाराला जाऊन बेल वाहायचा, विभूती लावायची, दोन शब्द बोलून यायचं. अप्पांना एवढंच करायचं होतं. आईच्या समाधीवर जायचं आणि आपल्या हातानं बेल ठेवायचा. आणि पंच्याऐंशी वर्षांच्या या माणसाला ती समाधी कुठं आहे हेच ठाऊक नव्हतं.

ज्या आजीच्या मांडीवर मी वाढले ती अप्पांची दुसरी आई, आजोबांची दुसरी बायको. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांत ओवलेला एक चपटा सोन्याचा टाक होता, नखाएवढा. त्यावर बाईची आकृती ठोकलेली. लहानपणी मला तो कुठल्यातरी देवीचा वाटायचा. आंघोळ झाली की आजी स्वतःला कुंकू लावायच्या आधी त्या टाकाला लावायची. मी एकदा विचारलं, "कुठली देवी गं?" तर म्हणाली, "देवी न्हवं, बाई. ही घरची थोरली." पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. सवत म्हणून नव्हे, मान म्हणून. थोरलीला विचारल्याशिवाय धाकटीनं संसाराला हात लावायचा नाही, असा त्यातला अर्थ. माझी आजी तो अर्थ पाळायची. नवीन लुगडं आलं की घडी मोडायच्या आधी पदराचं टोक टाकाला लावायची. हे आठवून माझे डोळे अजून भरून येतात. एवढी मोठ्या मनाची बाई मी पुन्हा पाहिली नाही.

आम्ही भावंडं मग त्या न पाहिलेल्या बाईला 'टाकातली आजी' म्हणायला लागलो. तिचा फोटो नव्हता. तिची साडी, तिचं भांडं, काही नव्हतं. अप्पा तीन-चार वर्षांचे असताना ती गेली, एवढंच माहीत. आजोबा तिच्याबद्दल बोलत नसत. त्यांचं भावाशी वाटणीवरून कोर्ट झालं, ते हरले, गाव सोडून सोलापुरात आले आणि मागचं दार त्यांनी असं लावून घेतलं, की पुन्हा उघडलंच नाही. अप्पांनी कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर दुसऱ्या आईला वाटेल, मी काय कमी केलं? त्या भल्या बाईचं मन राखायला त्यांनी पहिल्या आईचं नाव ओठावर आणलं नाही. आणि विचारायचं मनात आलं तेव्हा सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

त्यांना एकच आठवण होती आणि तिच्यावरही घरात कुणाचा विश्वास नव्हता. ते सांगायचे, मी आगगाडीच्या खिडकीत बसलोय, डोळ्यात कोळशाचा कण गेलाय, आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात पदराच्या टोकानं माझा डोळा पुसतोय. पदराला तोंडाची ऊब लावून पुसतोय. आजोबा यावर ओरडायचे, "कुठली आगगाडी? आपन गाडीबैलानं आलो सोलापूरला."  पण माझ्याजवळ सांगताना अप्पा दर वेळी डावाच डोळा मिटायचे.

तर मी कामाला लागले. आजोबांचं मूळ गाव बार्शीकडचं, हे माहीत होतं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच: समाधी असणार ती घरच्या शेतात. आणि शेत कुठलं ते कागदावर सापडेल. जुन्या हक्कनोंदी निघाल्या त्या मोडीत. मोडी वाचणाऱ्या माणसाकडं हल्ली डॉक्टरपेक्षा जास्त गर्दी असते. आमचे एक निवृत्त मास्तर होते, ते रविवारी सकाळी घरी वाचून द्यायचे. त्यांच्या ओसरीवर दाखलेवाले बसलेले असायचे, मांडीवर झेरॉक्स धरून, निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे घाबरेघुबरे. मास्तरांनी भिंग धरून गट, शेजारी, ओढा, विहीर सगळं वाचून दिलं. मी खूश. आता काय, गाडी काढायची आणि जायचं.

अप्पांनी बेल स्वतः जाऊन आणला. ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. बार्शीपर्यंत, तिथून पुढं गावापर्यंत. आजोबांच्या भावाच्या घराण्यातला एक म्हातारा भेटला. कोर्टाची धग एवढ्या वर्षांनी विझली होती. त्यानं चहा दिला, शेतावरही आला. बांधाला लागून समाध्यांची ओळ होती, चुन्यानं रंगवलेली. तो एकेकीवर हात ठेवून सांगत गेला, ही पणजोबाची, ही पणजीची, ही धाकट्या काकाची, देवीच्या साथीत गेलेला. ओळ संपली.

"आनि माजी आई?" अप्पांनी विचारलं.

"ती हितं न्हाय," म्हातारा म्हणाला. "हितं असती तर आमाला म्हाईत असतं की. आमी भांडलो, पन समाधीला चुना सगळ्यास्नीच लावतो."

तो खोटं बोलत नव्हता. अप्पा थोडा वेळ त्या ओळीच्या शेवटाला, मोकळ्या मातीपाशी उभे राहिले. मग बेलाचं फडकं तसंच बगलेत धरून गाडीत येऊन बसले. वैराग गेलं, सोलापूर आलं, तरी फडकं बगलेतच. घरी आल्यावर बेल देव्हाऱ्यात ठेवला आणि न जेवता झोपले. मला इतकं वाईट वाटलं, की त्या कागदांच्या गठ्ठ्याला काडी लावावीशी वाटली. बापाला उगीच आशेला लावलं असं झालं.

पण मी पोस्टातली. पत्ता चुकला म्हणून पत्र फेकून देत नाही. कुणीतरी म्हणालं, जनगणना बघा, त्यात घरोघरची माणसं लिहितात. मी म्हटलं, अरे वा! त्या काळचा मोजणीवाला दारात आला असेल, त्यानं विचारलं असेल, बाई, नाव काय, माहेर कुठलं. तिथं गेले तर कळलं, तसले कागद कुणी ठेवत नाही. मोजणी झाली, बेरीज झाली, की घरोघरच्या चिठ्ठ्या गेल्या. उरतात ती छापलेली पुस्तकं. त्यात गावाचं नाव, घरं किती, पुरुष किती, बायका किती. बस. मी वाचनालयात बसून त्या पुस्तकात आजोबांचं गाव शोधलं आणि त्या बायकांच्या आकड्याकडं बघत राहिले. एवढ्यातली एक ती. चुलीपुढं बसलेली, पोर कडेवर घेतलेली, कुठली ते मला ओळखू येत नव्हतं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं, काही निघालं नाही, नुसता आकडा आहे. ते ऐकून त्यांचा चेहरा जरा उजळला.

"मंजे मोजलं हुतं की तिला."

"हो, मोजलं असणार."

"बरं झालं," ते म्हणाले. "कुनीतरी मोजलं."

शेवटी राहिलं कोर्ट. जुन्या दाव्यांचे सगळे कागद ठेवत नाहीत, पण निकाल ठेवतात, असं कळलं. नक्कलेचा अर्ज केला, तिकीट लावलं, सोमवार झाले, मंगळवार झाले. खिडकीतली बाई आता मला बघून हसायला लागली होती. एके दिवशी तिनंच हाक मारली, "आजीवाल्या मॅडम, या." आणि टाइप केलेल्या इंग्रजी निकालाची नक्कल हातात ठेवली.

मी ती तिथंच जिन्यात बसून वाचली, भाकरी खाणाऱ्या दाखलेवाल्यांच्या शेजारी. आजोबांचा भाऊ म्हणत होता, हा कधीच वेगळा झाला. आजोबा म्हणत होते, नाही, काल-परवापर्यंत आमची चूल एक होती. चूल एक होती हे सांगायला त्यांनी साक्षीदार आणला होता, बायकोचा भाऊ. म्हणजे अप्पांचा मामा. असा कुणी मामा होता हे मला त्या जिन्यात कळलं. निकालात त्याच्या साक्षीचा सारांश दिला होता, चार-पाच ओळींत. आपण स्वतः त्या घरी गेलो, बहिणीला बाळंतपणासाठी घेऊन आलो, तेव्हा घरात एकच चूल होती. बहीण आणि तिचा मुलगा यांना बार्शीहून छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या आगगाडीनं आणलं. बहीण बाळंतपणात वारली, बाळही गेलं, ती आपल्या शेतात आहे. जज्जसाहेबांनी पुढं म्हटलं होतं, साक्षीदार जवळचा नातेवाईक, त्याच्या बोलण्यावर किती भिस्त ठेवायची? आणि साक्षीदाराच्या नावापुढं त्याचं गाव लिहिलं होतं. अक्कलकोटच्या पुढचं, पार सीमेला टेकलेलं.

मी कपाळावर हात मारून घेतला, खरोखर मारला, शेजारचा माणूस दचकला. बाळंतपणाला बाई कुठं जाते? माहेरी! मी स्वतः दोन्ही वेळा सातव्या महिन्यात भवानी पेठेत येऊन बसले होते. आईच्या हातचे डिंकाचे लाडू खाल्ले, शेक घेतला, सव्वा महिना हलले नाही. आणि आजी हुडकायला मात्र सासरच्या शेतात गेले! मी, अप्पा, माझा भाऊ, मास्तर, कुणाच्या डोक्यात आलं नाही. कारण आमच्या हिशेबी बाई एकदा दिली की तिची माती सासरची. कागद पण तसेच शोधले, नवऱ्याचं गाव, नवऱ्याचा गट, नवऱ्याचा बांध. माहेर म्हणून तिला काही असेल, हे बायकोमाणूस असून मलाही सुचू नये? माझा मलाच इतका राग आला, की रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

अप्पांना निकाल मराठी करून वाचून दाखवला. छोट्या गाडीच्या ओळीवर आले तेव्हा त्यांनी हातानं मला थांबवलं.

"परत वाच."

परत वाचलं.

"गाडी हुती," ते म्हणाले. "बग, हुती. कोर्टात लिवलंय." आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवून ते किती तरी वेळ तसेच बसले. जन्मभर ज्या आठवणीला घरानं वेड्यात काढलं होतं तिला एका परक्या जज्जानं टाइप करून ठेवलं होतं. आई त्यांच्या डोळ्यापाशी होती, हे खरं ठरलं होतं. मीही मग रडून घेतलं, स्वयंपाकघरात जाऊन.

गाव मिळालं म्हटल्यावर पुढचं माझ्या हातचं काम होतं. त्या गावच्या पोस्टमास्तरला फोन लावला. शाखा डाकघराचा पोस्टमास्तर म्हणजे गावाची नाडी. कुणाचं घर कुठं, कोण जिवंत, कोण पुण्याला, सगळं त्याला पाठ. त्यानं संध्याकाळपर्यंत नंबर काढून दिला. मामा कधीच गेले होते, त्यांचा मुलगा होता, सत्तरीतला. म्हणजे अप्पांचा मामेभाऊ. मी फोनवर सगळं सांगितलं.   पलीकडून घोगरा आवाज आला, "येळवसाला या. घरी नगं. शेतावरच या." आणि फोन ठेवला. अप्पा दोनदा विचारत राहिले, "रागानं बोल्ला का गं?" मला तरी कुठं कळलं होतं?

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पौषाच्या आधीची, थंडी भरात आणि ज्वारी पोटरीत असताना येणारी. त्या दिवशी आमच्या दक्षिण भागात घरात कुणी राहत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची खोप करायची, त्यात पाच दगड चुना लावून मांडायचे, त्यांची पूजा. नव्या मडक्यात आंबील, भाज्या-शेंगा एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी. मग मडक्यातलं थोडं थोडं शेतभर शिंपत, आरोळ्या देत फेरी मारायची आणि त्यानंतर झाडाखाली जेवायला बसायचं. लहानपणी दुसऱ्यांच्या शेतावर पाहुणे म्हणून आम्ही येळवसाला जायचो. शेत नसलेल्या माणसाला तो दिवस फार लागतो. अप्पा त्या दिवशी मुद्दाम दुकान उघडं ठेवायचे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. ज्वारीतून पायवाट, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली माणसं. एक ठेंगणी म्हातारी लगबगीनं पुढं आली. "बर्री, बर्री," या, या, असं कानडीत म्हणत तिनं अप्पांच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. ती मामेभावाची बायको. मामेभाऊ मागं उभे होते, धिप्पाड, पटक्यातले. त्यांनी अप्पांचा हात धरला आणि झाडाच्या पलीकडं नेलं.

तिथं समाधी होती. गुडघ्याएवढी, दगडी, वर लहानसा नंदी. आणि चुना ओला होता. त्या सकाळचा. शेजारी एक अगदी छोटा उंचवटा, त्यालाही चुना. अप्पा खाली बसले. त्यांना गुडघ्यांमुळं बसता येत नाही, पण बसले. विभूती लावली, बेल ठेवला. हात समाधीवरच राहिला. ओठ नुसते हलत होते. मी आणि मामेभाऊ बाजूला उभे. एवढा मोठा माणूस, पटक्याच्या शेवानं नाक पुसत होता. मला त्या क्षणी वाटलं, झालं, आता काही नको. अप्पांना कायम एकच भीती होती, की आपली आई कुठंतरी बेवारस पडलीय, दिवा नाही, चुना नाही. तसं नव्हतं. ती तिच्या माणसांत होती.

परत झाडाखाली आलो तर पानं मांडलेली. त्यांतलं एक पान वेगळं, सगळ्यांच्या वरच्या अंगाला मांडलेलं, त्यावर सगळं वाढलेलं, शेजारी पाण्याचा तांब्या. मला वाटलं, देवाचं असेल. म्हातारीनं अप्पांना धरून त्या पानावर बसवलं.

"हे पान तुमचंच हाय, भावजी," ती म्हणाली. "मी लगीन हून आले तवापास्नं दर येळवसाला मांडते. माज्या सासूनं मांडलं, मग मी मांडते. संद्याकाळी गाईला घालतो."

"माजं?" अप्पा म्हणाले.

"व्हय की. भाच्याचं पान पयलं. आमचे सासरे म्हणायचे, भाचा आलाच तर त्याला आपलं पान न्हाय असं होऊ नये. अत्ती, मंजे तुमची आई, गेल्या, तवा तुमी वरीसभर हितंच होता न्हवं का. मामाच्या खांद्यावरून खाली उतरत न्हवता म्हणं. मग कोर्ट हरल्यावर तुमचे वडील आले आनि घिऊन गेले. मामा म्हणले, पोर राहू द्या. तुमचे वडील म्हणले, बहीण मेली, नातं मेलं. त्यावर मामा काय बोलनार?"

अप्पा पानाकडं बघत होते. आंबील, भज्जी, उंडे. ऐंशी वर्षं वाढलेलं जेवण.

"तुमी ज्वारीत जाऊन लपून बसायचा म्हणं," म्हातारी सांगत होती. "जेवायला सापडायचा न्हाय. मग मामा बांदावर हुभं राहून नाव घिऊन हाक मारायचे. तुमी ओ दिली की मगच सगळे जेवायचे. तुमी गेल्यावरबी त्यांनी ते सोडलं न्हाय. येळवसाची फेरी झाली की शेवटची हाक तुमच्या नावाची. सोलापूरकडं तोंड करून. आता आमचे मालक मारतात. जवान पोरं हसतात त्यांना. त्यांना काय म्हाईत?"

तेवढ्यात मामेभाऊ मडकं घेऊन फेरीला निघाले. आम्ही झाडाखाली बसून ऐकत होतो. ज्वारी डोक्याच्या वर, त्यामुळं ते दिसत नव्हते, नुसता आवाज शेताच्या कडेकडेनं फिरत होता, आणि ज्वारीची पाती सळसळत होती. आरोळी पूर्वेला गेली, दक्षिणेला गेली, लांब झाली. मग वळली. उत्तरेच्या बांधावर येऊन थांबली. माणूस म्हातारा, दम लागला असणार.  आणि मग त्यांनी जन्मभराच्या सवयीनं हाक मारली. अप्पांचं नाव, ते भवानी पेठेतलं भारदस्त नाव नव्हे, त्याचं लाडाचं, आखूड केलेलं, लहान मुलाला हाक मारायचं नाव. मी ते त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारी तोंडावर पदर धरून बसली. अप्पा हातात घास घेऊन थांबले होते. तो त्यांनी पानावर ठेवला, मान वर केली, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओ दिली.